अदलाबदल करू की ठेवू?

फुंकवाद्यांची विचारपूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं अमेरिकेत, ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ राहते. बाबा तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. मी शाळेत असताना इथल्यासारख्याच बोहम पद्धतीच्या (म्हणजे चाव्यांची एक ठरावीक मांडणी) क्लॅरिनेटवर एका सरांकडे शिकले, मग सुटला, आता क्लीव्हलंडच्या एका हौशी बँडमध्ये पुन्हा बसते. रोजचा क्लॅरिनेट प्लास्टिकचा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे मला धातूचा क्लॅरिनेट चाळीस डॉलरला मिळाला. बेलवर, म्हणजे खालच्या फुललेल्या टोकावर, ‘सिल्व्हर किंग’, एच. एन. व्हाइट कंपनी, क्लीव्हलंड असं कोरलंय आणि ‘स्टर्लिंग’ असा शिक्का आहे. या कंपनीचा कारखाना सुपीरियर अव्हेन्यूवर होता, तो रस्ता माझ्या ऑफिसच्या वाटेवर लागतो. पण पॅड (चाव्यांखालच्या, भोकं झाकणाऱ्या गाद्या) तपकिरी पडलेत, खालचा ई बोलतच नाही, बेलला अंगठ्याएवढा पोचा आहे. दुरुस्तीचे 275 डॉलर सांगितलेत.

बँडमधले एक ज्येष्ठ सहकारी अदलाबदल करायची म्हणतात. माझा किंग त्यांना, त्यांचा ‘सिल्वा-बेट’ मला आणि वर मला शंभर डॉलर. सिल्वा-बेट बॉस्टनच्या कंडी-बेटनी कंपनीचा आहे. गेल्या वर्षीच पॅड बदललेत, मी वाजवून पाहिला, छान वाजतो. डिसेंबरमध्ये सांगलीला यायचंय. बाबा आता 71 वर्षांचे आहेत. त्यांचा एबोनाइटचा (कडक रबराचा) क्लॅरिनेट उन्हाने हिरवट-तपकिरी झालाय. त्यांना धातूचा, उन्हापावसाला न डरणारा क्लॅरिनेट द्यायचं मनात आहे, म्हणून ही वाजती वस्तू घेऊन टाकावी असं वाटतं. घेऊ का?
— सांगलीची लेक, ओहायो

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला ई-मेल केला आणि सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारली. बाबांना व्हिडिओ कॉलवर क्लॅरिनेट हातात धरायला सांगा आणि त्यांच्या उजव्या करंगळीखाली किती पाती (दाबायच्या चपट्या चाव्या) आहेत ते मोजून कळवा. तुम्हाला नवल वाटलं असेल, पण तुमचा सगळा निर्णय त्या करंगळीखालीच अडकलेला होता. त्याकडे येतो. आधी ही दोन वाद्यं नीट शेजारी ठेवून पाहू.

धातूचा क्लॅरिनेट म्हटलं की आपल्याकडे आणि अमेरिकेतही पहिला शब्द येतो तो ‘भंगार’. या बदनामीला कारण आहे. 1920 नंतर अमेरिकेत शाळाशाळांतून बँड उभे राहू लागले, 1923 साली शिकागोला शाळांच्या बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुलांच्या हातात द्यायला पडलं तरी न फुटणारं, लाकडासारखं न तडकणारं आणि स्वस्त वाद्य हवं होतं. मग पितळेच्या नळीवर निकेलचं पाणी चढवलेले हजारो क्लॅरिनेट निघाले. एकच कारखाना तेच वाद्य दहा दुकानांच्या दहा नावांनी बनवून द्यायचा. त्यातले बरेच सुरात कच्चे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे क्लॅरिनेट आले आणि धातूचे माळ्यावर गेले. आज जुन्या बाजारात जे दहा सापडतात त्यातले आठ-नऊ या शाळकरी मालातले असतात.

पण त्याच काळात काही कारखान्यांनी धातूचा क्लॅरिनेट व्यावसायिक वादकांसाठी, जीव ओतून बनवला. तुमचा सिल्व्हर किंग त्यातला. तुमच्या सहकाऱ्यांचा सिल्वा-बेटसुद्धा त्यातलाच. पॅरिसच्या सेल्मरने चांदीचं पाणी दिलेले बनवले. बॉस्टनचे हेन्स हे बासरीवाले म्हणून प्रसिद्ध, त्यांनी तर स्टर्लिंग चांदीचा, दुहेरी भिंतीचा क्लॅरिनेट केला. दोन नळ्यांमध्ये पोकळी ठेवलेली, त्या पोकळीत फुंकर घालून वाजवायच्या आधीच वाद्य गरम करून घ्यायचं. धातूच्या क्लॅरिनेटचं खरं दुखणं काय ते त्या कारागिराने ओळखलं होतं, म्हणून ती पोकळी. न्यू ऑर्लिन्सच्या जॅझमध्ये जॉर्ज लुईस 1940च्या दशकात धातूचा क्लॅरिनेट घेऊन बसत. तुर्कस्तानात तर जी पट्टीचा लांब धातूचा क्लॅरिनेट आजही लग्नात वाजतो.

तेव्हा पहिली गोष्ट स्वच्छ करून घ्या. किंग देऊन सिल्वा-बेट घेतला तर तुम्ही वरच्या पायरीवर जात नाही आणि खालच्याही नाही. दोन्ही एकाच पायरीवरची वाद्यं आहेत. फरक इतकाच की एकावर गेल्या वर्षी कोणीतरी पैसे खर्च केलेत आणि दुसऱ्यावर अजून व्हायचेत. तुमचे सहकारी तुम्हाला फसवत नाहीत. शंभर डॉलर आणि वाजती वस्तू देऊन ते न वाजणारी वस्तू मागतायत, म्हणजे त्यांना किंग काय चीज आहे ते नीट ठाऊक आहे. हे मी त्यांच्या विरोधात म्हणत नाही. जाणकार माणूस जेव्हा न वाजणारं वाद्य मागतो तेव्हा ते वाद्य द्यायच्या आधी आपण एकदा पुन्हा हातात घेऊन पाहावं, एवढंच.

‘स्टर्लिंग’च्या शिक्क्याबद्दल. सिल्व्हर किंगची बेल खऱ्या चांदीची असायची, त्यामुळे शिक्का बेलवर असेल तर तो बेलपुरता धरा, सगळं वाद्य चांदीचं समजू नका. आणि चांदीने आवाज गोड होतो हे डोक्यातून काढून टाका. मीही वीस वर्षं तेच समजत होतो. 1964 साली जॉन बॅकस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने क्लॅरिनेटवर मोजमापं केली. नळीच्या भिंती थरथरतात खऱ्या, पण त्या थरथरीचा ऐकू येणाऱ्या आवाजात हिस्सा नगण्य निघाला. आवाज घडतो तो आतल्या हवेच्या खांबात. नळीचा व्यास, भोकांची जागा, त्यांच्या कडा गोल आहेत की धारदार, पॅड किती उंच उचललं जातं आणि सगळ्यात जास्त रीड (तोंडाशी थरथरणारी पातळ पट्टी) आणि माऊथपीस, या गोष्टींत. माझ्या कसबा पेठेतल्या बाकावर मी डोळे मिटवून किती वेळा ऐकलंय. पॅड नीट बसलेला निकेलचा क्लॅरिनेट, गळक्या पॅडच्या चांदीच्या क्लॅरिनेटला दर वेळी मागे टाकतो.

धातूमुळे खरा फरक पडतो तो गरम-थंड होण्यात. हवेचं तापमान एक अंश वाढलं की सूर साधारण तीन सेंट चढतो. (एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट.) लाकूड सावकाश तापतं, सावकाश निवतं. धातूचं तसं नाही. तुम्ही तालाची पंधरा-वीस मापं गप्प बसलात की वाद्य थंड आणि पहिला सूर बेसूर. क्लीव्हलंडच्या ऑक्टोबरमध्ये मैदानावर वाजवायचं असेल तर विश्रांतीच्या मापांत आवाज न काढता नळीत हलकेच गरम श्वास सोडत राहा. आम्ही बेळगावला पहाटेच्या परेडला तेच करायचो.

आता माझी एक गोष्ट सांगतो, कारण अदलाबदलीचा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही.

1979 साली मी मराठा लाईट इन्फंट्रीत बँडसमन म्हणून भरती झालो, पचमढीला लष्करी संगीताचं शिक्षण झालं. 1988च्या उन्हाळ्यात रजेवर असताना एका मोठ्या शहरात जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. माझ्याजवळ माझा स्वतःचा धातूचा क्लॅरिनेट होता. निकेल उडालेला, दिसायला गरीब, पण सुरात पक्का. व्यापाऱ्याने कपाटातून चांदीचं पाणी चढवलेला एक क्लॅरिनेट काढला. बेलवर वेलबुट्टी, चाव्या आरशासारख्या. दुकानात उभ्या उभ्या चार सूर काढले. काय तो आवाज! धारदार, तेजस्वी. माझा दिला, वर चारशे रुपये दिले, रात्रीच्या गाडीने गावी आलो.

दुसऱ्या दिवशी देवळात भजन होतं. पेटी काळी पाचला. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा सी म्हणजे आपली काळी पाच, म्हणजे मला सगळ्यात सोपी पट्टी. पहिला षड्ज लावला आणि पेटीवाले आजोबा माझ्याकडे पाहू लागले. मी जवळजवळ अर्ध्याच्या अर्धा स्वर वर होतो. बॅरल, म्हणजे माऊथपीसखालचा छोटा तुकडा, ओढून काढलं, अजून काढलं. डाव्या हाताचे मोकळे सूर, जी, ए, पेटीला जाऊन मिळाले. पण उजवा हात खाली गेला की सूर पुन्हा वर. बॅरल आणखी ओढलं तर मोकळे सूर ढिले पडले आणि खालचे तरीही चढेच. त्या रात्री मी वाद्य मांडीवर घेऊन बसून राहिलो, भजन पेटी आणि टाळांवरच झालं.

तो क्लॅरिनेट ‘हाय पिच’चा होता. 1920च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटिश लष्करी बँड चढ्या पट्टीत वाजवायचे, ए म्हणजे सेकंदाला 440 कंपनं नव्हे तर 452च्या वर. अमेरिकेतही त्या काळात काही बँडसाठी असे चढे क्लॅरिनेट बनायचे. त्या वाद्यांची नळीच आखूड आणि सगळी भोकं एकमेकांच्या जवळ असतात. बॅरल ओढलं तर नळीचं वरचं टोक लांबतं, भोकांमधली अंतरं कशी लांबतील? वरचे सूर फार उतरतात, खालचे थोडे. म्हणून तो क्लॅरिनेट कधीच सुरात येत नाही, कितीही कुशल माणूस वाजवो. महिन्याभराने व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा माझा जुना क्लॅरिनेट विकला गेला होता. त्याचा आवाज अजून कानात आहे.

म्हणून ताई, धातूचा जुना क्लॅरिनेट हातात आला की मी आधी टेप काढतो. माऊथपीस काढून बॅरलच्या वरच्या कडेपासून बेलच्या टोकापर्यंत मोजा. बी फ्लॅट आणि आजची पट्टी असेल तर साधारण साठ सेंटिमीटर भरेल. अठ्ठावन्नच्या आत आलं तर सावध व्हा. मग ‘एल’, ‘एलपी’ (लो पिच, म्हणजे आजची पट्टी) किंवा ‘एचपी’ (हाय पिच) असा शिक्का शोधा, तो बहुधा नंबराजवळ असतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पट्टी शेजारी ठेवून घेतलेली मापं आहेत, ती पाहता तुमचे दोन्ही क्लॅरिनेट आजच्या पट्टीचे दिसतात. या बाबतीत निर्धास्त राहा.

पुढचं मोजमाप कानाचं आहे आणि ते तुम्ही अजून केलेलं नाही. ‘मी वाजवून पाहिला, छान वाजतो’ असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या माऊथपीसवर? त्यांच्या. कोणत्या रीडवर? त्यांच्याच. आणि तुमचा किंग वाजवला तो त्याच्या डब्यात मिळालेल्या जुन्या, कडा झिजलेल्या माऊथपीसवर. ही तुलना माऊथपीसची झाली, क्लॅरिनेटची नाही. तुमचं रोजचं माऊथपीस आणि एकच रीड दोन्हीवर लावा. जुन्या धातूच्या क्लॅरिनेटच्या बॅरलमध्ये आजचं माऊथपीस कधी घट्ट जातं, कधी ढिलं बसतं. घट्ट असेल तर जोर करू नका, कॉर्क थोडा घासून द्या. ढिलं असेल तर तात्पुरती कागदाची पट्टी गुंडाळा.

मग ट्यूनर समोर ठेवा आणि पडद्यावर न बघता सूर लावा, सूर स्थिर झाला की मगच बघा. आधी बघितलं तर ओठ आपोआप सूर ओढून घेतात आणि वाद्याचा दोष झाकला जातो. क्लॅरिनेट एका टोकाला बंद नळीसारखा वागतो, त्यामुळे अंगठ्याची रजिस्टर की दाबली की सप्तकाने नाही तर बाराव्या सुरावर उडी मारतो. खालचा एफ आणि त्याचा वरचा सी, खालचा जी आणि वरचा डी, अशा जोड्या एकेक करून मोजा आणि कागदावर लिहा. दोन सुरांत दहा सेंटचा फरक ओठाने सांभाळता येतो. पंचवीस-तीसचा फरक रोज सांभाळायचा म्हणजे जबड्याला शिक्षा. सिल्वा-बेटवर हे आज करता येईल. किंगवर खालचा ई बोलत नाही तोवर करता येणार नाही, म्हणून आधी त्याची गळती शोधा.

हे घरी करता येतं. रात्री खोलीतला दिवा मालवा. छोटा एलईडी दिवा दोऱ्याला बांधून बेलमधून आत सोडा आणि एकेक चावी नेहमीच्या बोटाच्या दाबाने बंद करा. जिथून उजेडाची रेघ दिसेल ते पॅड गळतंय. ज्या चाव्या एरवीच बंद असतात त्याही पाहा, विशेषतः वरच्या बाजूच्या ट्रिलच्या दोन. खालचा ई न बोलायला बहुतेक वेळा खालच्या नाही तर या वरच्या पॅडची गळती कारण असते. माणसं खालची मोठी पॅडं बदलत बसतात आणि दोष वर लपलेला असतो. मी ई-मेलमध्ये सांगितल्यावर तुम्ही हे करून पाहिलंत आणि कळवलंत की ए-फ्लॅट आणि वरच्या ट्रिलच्या पॅडपाशी उजेड दिसला. म्हणजे तुमच्या किंगला मोठा आजार नाही, कातडं वाळलंय.

मोठा आजार वेगळा असतो. धातूच्या क्लॅरिनेटची भोकं म्हणजे नळीवर उभ्या केलेल्या छोट्या चिमण्या. काही वाद्यांत त्या आणि चाव्यांचे खांब सोल्डरने बसवलेले असतात. सोल्डरला केसाएवढी चीर गेली की हवा पॅडखालून नाही तर चिमणीच्या बुडातून गळते आणि कितीही नवी पॅडं घाला, उपयोग होत नाही. पुन्हा सोल्डर करायला आच दिली की शेजारचा खांब हलतो, चांदीचं पाणी काळवंडतं. अशा वाद्यासाठी 275 काय, पन्नास डॉलरही देऊ नका. नखाने प्रत्येक चिमणीच्या बुडाभोवती फिरवून पाहा, नख अडकतं का. पितळेवर पाणी उडालेल्या जागी गुलाबी ठिपके असतील तर तिथलं जस्त निघून गेलंय, ती नळी आतून कमकुवत होत चाललीये. तुमच्या फोटोत मला असं काही दिसलं नाही. बेलचा पोचा ही फक्त दिसायची गोष्ट आहे, आत गोल साचा घालून तो पाच मिनिटांत निघतो. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र आधीच विचारा की पातळ पॅड आहेत का. धातूच्या क्लॅरिनेटच्या चाव्यांच्या वाट्या उथळ असतात. लाकडी क्लॅरिनेटची जाड पॅडं लाखेवर कशीबशी बसवली तर ती मागच्या कडेला आधी टेकतात आणि पुढून उघडी राहतात. नवं पॅड, जुनी गळती.

आता बाबांची करंगळी.

तुमचं उत्तर आलं: ‘दोन पाती, त्यावर छोट्या फिरत्या रुळी. डाव्या करंगळीलाही दोन. खालच्या अंगावर भोकांभोवती कड्या दोन.’ मला हीच शंका होती. बाबांचा क्लॅरिनेट अल्बर्ट पद्धतीचा आहे, बँडवाले ज्याला ‘साधा’ म्हणतात तो. मेरठच्या जालीकोठी भागातून असे चौदा चाव्यांचे क्लॅरिनेट अजूनही बँडसाठी बनून येतात. तुमचा किंग, त्यांचा सिल्वा-बेट आणि तुमचा प्लास्टिकचा, तिन्ही बोहम. सतरा चाव्या, सहा कड्या, उजव्या करंगळीखाली चार पाती. बोहमची ही बोटं वादक क्लोझे आणि वाद्यकार बुफे यांनी पॅरिसमध्ये बसवली, 1844 साली त्याचं पेटंट घेतलं. अल्बर्टची बोटं ब्रसेल्सच्या यूजीन अल्बर्टच्या नावाने ओळखली जातात आणि ती त्याहून जुन्या वळणाची आहेत.

हा फरक किती खोल जातो ते एका बोटावर सांगतो. रजिस्टर की दाबून डाव्या हाताची तिन्ही बोटं खाली, उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट ठेवा. तुमच्या बोहमवर एफ लागेल. बाबांच्या क्लॅरिनेटवर हेच बोट ठेवलं तर एफ शार्प. सीला षड्ज धरला तर तुमचा शुद्ध मध्यम आणि त्यांचा तीव्र मध्यम. तीस वर्षं वरातीत हिंदी गाण्यांपासून यमनच्या धूनपर्यंत सगळं त्या बोटांनी वाजवलेला माणूस आहे तो. त्यांच्या हातात बोहम द्याल तर ते तुमचं मन राखायला हसून घेतील, दोन दिवस खोलीचं दार लावून प्रयत्न करतील, आणि शुद्ध मध्यमाच्या जागी दर वेळी तीव्र मध्यम निघेल. मग वाद्य कपाटात जाईल. एकाहत्तराव्या वर्षी बोटं बदलायला लावायची गरज काय?

तेव्हा बाबांसाठी म्हणून ही अदलाबदल करू नका. ती त्यांच्या कामाचीच नाही, सिल्वा-बेट कितीही उत्तम असला तरी.

राहता राहिल्या तुम्ही. तुमच्यासाठी करायची का? तुमच्या पत्रात क्लीव्हलंडचं नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि सिल्व्हर किंगही तिथलाच. एच. एन. व्हाइट कंपनी 1893 साली त्या शहरात सुरू झाली. त्याच शहरात घडलेलं वाद्य, त्याच शहरातल्या बँडमध्ये, तुमच्या हातात. या गोष्टीची किंमत मी शंभर डॉलरमध्ये मोजणार नाही, तुम्हीही मोजू नका. नख फिरवून सोल्डर शाबूत निघालं तर किंग दुरुस्त करून घ्या. पॅड बदलल्यावर बाराव्या सुरांच्या जोड्या मोजा. त्या नीट निघाल्या तर उन्हाळ्याच्या परेडला हा क्लॅरिनेट न्या, तडकायची भीती नाही. नीट निघाल्या नाहीत किंवा चिमणीखाली चीर सापडली, तर सहकाऱ्यांना खरं काय ते सांगा आणि मग अदलाबदल करा. ते वाजवणारे आहेत, त्यांना कळेल.

बाबांसाठी डिसेंबरमध्ये काय आणायचं? त्यांचा एबोनाइट हिरवट झालाय तो फक्त वरून. उन्हाने तसं होतं, आवाजाला त्याचं काही नाही. व्हिडिओ कॉलवर त्यांना पॅडचे व्यास मोजायला सांगा. चौदा चाव्यांसाठी पॅडचा संच, निळ्या पोलादाच्या सुईसारख्या स्प्रिंगा, कॉर्कचा पातळ पत्रा आणि त्यांच्या नेहमीच्या नंबरच्या रीडची दोन पाकिटं घेऊन या. स्प्रिंगा हातातल्या सामानात ठेवू नका, विमानतळावर उगाच विचारपूस नको. सांगलीहून पुणं काही फार लांब नाही. बाबांना आणि क्लॅरिनेटला घेऊन या, दोन दिवसांत मी करून देतो. मजुरी घेणार नाही, बाबांनी यमनची ती धून वाजवून दाखवायची. धातूचा अल्बर्ट घ्यायचाच असेल तर घाई न करता शोधा. 1930च्या आधीचे मिळतात, पण हाय पिचचे त्यांच्यातच जास्त. टेप लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : आजोबांचा धातूचा क्लॅरिनेट सापडलाय, पूर्ण काळा पडलाय. घरात सगळे म्हणतात चिंच आणि भांड्यांची पावडर लावून घास. घासू का?
— नागपूर

उत्तर : नका. तो काळेपणा चांदीवर गंधकाचा आहे, म्हणजे पाणी चांदीचंच दिलेलं आहे ही चांगली खूण समजा. चांदीचं हे पाणी केसापेक्षाही पातळ असतं. पावडरीने घासाल तर काळ्याबरोबर चांदी जाईल आणि खाली पितळ दिसेल. चिंचेचं आंबट पाणी खांबांच्या फटीत शिरलं तर स्क्रू गंजतील, पॅडचं कातडं भिजून फुगेल. कोरड्या, मऊ सुती कापडाने फक्त पुसा. चाव्या काढता येत नसतील तर तिथेच थांबा. काळा क्लॅरिनेट चांगला वाजतो.

प्रश्न : धातूचा क्लॅरिनेट आणि सरळ सोप्रानो सॅक्सोफोन एकच का? दुकानदार म्हणाला, बोटं सारखीच.
— इचलकरंजी

उत्तर : दिसायला जवळचे, पण एक नाहीत. सॅक्सोफोनची नळी वरून खाली रुंद होत जाते, क्लॅरिनेटची बहुतेक सगळी एकसारखी. म्हणून सॅक्सोफोन वरच्या सप्तकात जातो तेव्हा तीच बोटं आठ सुरांवर पुन्हा येतात आणि क्लॅरिनेटमध्ये बारा सुरांवर. दुकानात गेलात तर बेलजवळची नळी आणि माऊथपीसजवळची नळी बोटांच्या चिमटीत धरून पाहा. वर करंगळीएवढी आणि खाली मनगटाएवढी असेल तर सॅक्सोफोन. जवळजवळ सारखी असून फक्त टोकाला फुललेली असेल तर क्लॅरिनेट.